सिरेनेइका

सिरेनेइका : उत्तर आफ्रिकेतील लिबिया देशाचा पूर्वेकडील ऐतिहासिक प्रांत. अरबी भाषेत यास ‘बर्का’ म्हणतात. याच्या उत्तरेस भूमध्य समुद्र, पूर्वेस ईजिप्त, आग्नेयीस सूदान, दक्षिणेस चॅड, तर पश्चिमेस सिद्राचे आखात, ट्रिपोलिटेनिया व फेझान हे प्रदेश आहेत. कूफ्रा मरूद्यानापर्यंतचा वाळवंटी भाग धरून क्षेत्रफळ सु. ८,५५,००० चौ. किमी. म्हणजे लिबियाच्या जवळजवळ निम्मे भरते. बेंगाझी हे प्रांतातील सर्वांत मोठे शहर व बंदर असून टोब्रुक, देर्ना, अल् बैदा, अल् मर्ज व अज्दाबिया ही इतर महत्त्वाची नगरे होत. इ. स. पू. सातव्या शतकात ग्रीकांनी वसविलेल्या सिरीनी या नगरावरून प्रांताला हे नाव पडले.

प्रांताचा विस्तार मोठा असला, तरी त्याचा इतिहास प्रामुख्याने घडला तो उत्तरेकडील एका अरुंद, पर्जन्ययुक्त पट्ट्यात. या पट्ट्याच्या एका बाजूस समुद्र व इतर तिन्ही बाजूंस वाळवंट असल्याने तो भूमीवरील एका बेटासारखा आहे. धान्य, चराऊ कुरणे, औषधी वनस्पती आणि विसाव्या शतकात खनिज तेल, ही येथील संपत्ती अंतर्भागात निर्माण झाली व किनाऱ्यावरील बंदरांतून बाहेर गेली. त्यामुळे किनारा ज्याच्या ताब्यात, तो आणि अंतर्भागात राहणारा, या दोघांमधील संबंधांवर प्रांताची भरभराट अवलंबून राहिली. हे संबंध जेव्हा जेव्हा बिघडले, तेव्हा तेव्हा दोघांचीही हानी झाली, हे येथील अडीच हजारांहून अधिक वर्षांच्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

भूवर्णन : बेंगाझी व देर्ना यांच्या दरम्यान जबल अल् अख्दर (हिरवा पर्वत) हे चुनखडकाचे पठार समुद्राला भिडलेले आहे. समुद्राच्या बाजूने ते दोन पायऱ्यांनी चढत जाते. पहिली पायरी किनाऱ्याच्या अरुंद मैदानावर कड्यासारखी उभी असून तिच्या वर अल् मर्जचे सुपीक मैदान आहे. दुसऱ्या पायरीवर सिरीनीचे अवशेष व अल् बैदा शहर आहे. सर्वोच्च भाग समुद्रसपाटीपासून सु. ८८० मी. उंच आहे. दक्षिणेकडे मात्र हे पठार हळूहळू उतरत जाऊन प्रथम गवताळ प्रदेशात व नंतर वाळवंटात विलीन होते.

समुद्रावरून येणारे हिवाळी वारे या पठारावर अडतात व तेथे वर्षाकाठी सु. ४०० ते ६०० मिमी. पाऊस पडतो. महाराष्ट्रातील वाचकाला हे प्रमाण अवर्षणग्रस्त तालुक्यातील वाटेल. परंतु लिबियातील बहुतेक भूमीवर १०० मिमी. देखील पाऊस पडत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे ‘हिरवा पर्वत’ या नावाचे महत्त्व पटते. पठारावर ज्युनिपर, सायप्रस, रानटी ऑलिव्ह व कॅरब यांची झुडुपी वने आहेत. बारमाही नदी एकही नाही. चुनखडकाच्या भेगांतून पाणी जमिनीत मुरते आणि ठिकठिकाणी झऱ्यांच्या रूपाने वर येते. मोठा पाऊस झाल्यास एरवी कोरड्या असणाऱ्या दऱ्यांतून (वाड्यांतून) ते वेगाने समुद्राकडे धावते. अशाच एका दरीच्या, वादी देर्नाच्या, मुखाशी देर्ना शहर वसले आहे.

प्राचीन काळ : सूसा गावाजवळील हौआ फतेआ या प्रचंड गुहेत १९५१–५५ या काळात चार्ल्स मॅकबर्नी या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने उत्खनन केले. तेथील थरांवरून सु. एक लाख वर्षांपासूनच्या मानवी वस्तीचा पुरावा मिळतो. ग्रीक आले तेव्हा येथे लिबियन टोळ्या पशुपालन व काही प्रमाणात शेती करीत होत्या.

इजीअन समुद्रातील थीरा बेटावरील ग्रीकांनी इ. स. पू. ६३१ च्या सुमारास सिरीनीची स्थापना केली. हिरॉडोटसच्या वृत्तांतानुसार थीरा बेटावर दीर्घ अवर्षण पडले होते आणि लिबियात वसाहत करण्याचा डेल्फायच्या देवतेचा कौल होता. बॅटस याच्या नेतृत्वाखाली आलेल्या या लोकांना स्थानिक लिबियनांनीच पठारावरील झऱ्यापाशी नेले व येथे आकाशाला भोक आहे, म्हणजेच पाऊस भरपूर पडतो, असे सांगितले. मात्र वाटेत लागणारी सर्वांत चांगली जमीन परक्यांच्या दृष्टीस पडू नये, म्हणून तो टप्पा त्यांनी रात्रीच्या वेळी ओलांडला, असेही हिरॉडोटस सांगतो. आख्यायिकेचा भाग सोडला, तरी पाहुण्यास पाणी दाखवावे पण जमीन दाखवू नये, ही यातील भावना पुढील संघर्षाची पूर्वसूचना देणारी आहे. सुरुवातीचे सामंजस्य दोन पिढ्या टिकले. दुसऱ्या बॅटसच्या काळात जमिनीच्या वाटपाचे आमिष दाखवून ग्रीसमधून नवे वसाहतकार बोलाविण्यात आले आणि लिबियनांच्या जमिनी बळकावल्या गेल्या. लिबियनांनी ईजिप्तच्या राजाची मदत घेतली; परंतु इ. स. पू. ५७० च्या सुमारास इरासा येथील लढाईत ग्रीकांचा विजय झाला.

बॅटसच्या वंशाची सत्ता इ. स. पू. ४४० च्या सुमारास संपुष्टात आली व सिरीनीत प्रजासत्ताक स्थापन झाले. सिरीनी, तिचे बंदर अपोलोनिया (सूसा), टॉलेमेइस (तोल्मेता), टॉकिरा (तोक्रा) व युएस्पेरिडीझ (पुढील काळातील बेरेनिकी, म्हणजे बेंगाझी) या पाच नगरांमुळे हा भाग ‘पेंटापोलिस’ म्हणजे पंचनगरी या नावाने प्रसिद्धीस आला. किनारा, मधली पायरी व माथा या तीन उंचींवर पिके एकापाठोपाठ एक तयार होत असल्याने येथील सुगी आठ महिने चालते, असे हिरॉडोटसने नमूद केले आहे. इ. स. पू. ३३० नंतरच्या दुष्काळात सिरीनीने ग्रीसमधील अनेक नगरांना एकूण ८,०५,००० मेडिम्नोस (एक ग्रीक माप) धान्य पाठविल्याची नोंद एका शिलालेखात सापडते.

या वैभवात सिल्फियम या वनस्पतीचा मोठा वाटा होता. बडीशेपेच्या कुळातील ही वनस्पती पठाराच्या दक्षिण उतारावरील कोरड्या पट्ट्यात आपोआप उगवे. तिची लागवड करता येत नसे. तिच्या खोडामुळांचा चीक औषधात व स्वयंपाकात वापरीत. सिरीनीच्या नाण्यांवर तिचेच चित्र कोरलेले आढळते. ती गोळा करणारे लिबियन, तर विकणारे ग्रीक असत. रोमन अमदानीत कुरणांचे मक्तेदार मेंढ्या चारून अधिक नफा मिळवू लागल्यावर ती झपाट्याने नाहीशी झाली, असे प्लिनी म्हणतो. त्याच्या आठवणीत केवळ एक रोप सापडले व ते सम्राट नीरोकडे पाठविण्यात आले. तिची जागा इराणकडून येणाऱ्या एका चिकाने घेतली. तो चीक म्हणजे भारतीय स्वयंपाकघरातील परिचित हिंग होय. हव्यासापायी नामशेष झालेल्या वनस्पतीच्या लेखी नोंदींत ही नोंद अत्यंत जुनी म्हणावी लागेल.

विद्येच्या क्षेत्रातही सिरीनीचा लौकिक होता. सुखवादी सिरीनी तत्त्वज्ञान-पंथाचा प्रणेता ॲरिस्टिपस, गणितज्ञ थिओडोरस, कवी कॅलिमाकस आणि पृथ्वीचा परिघ मोजणारा एराटॉस्थीनीझ हे सर्व येथलेच. शेवटचे दोघे ईजिप्तमधील ॲलेक्झांड्रियाच्या राजाश्रयास गेले, कारण इ. स. पू. ३२२ पासून हा प्रांत ईजिप्तच्या टॉलेमी राजांच्या वर्चस्वाखाली आला होता.

टॉलेमी एपिऑन या शेवटच्या राजाने मृत्युपत्राद्वारे इ. स. पू. ९६ मध्ये हे राज्य रोमला दिले. इ. स. पू. ७४ मध्ये त्याचा रोमन प्रांत झाला व पुढे तो क्रीटला जोडण्यात आला. इ. स. ११५–११७ मधील ज्यूंच्या उठावात व त्याच्या दडपणुकीत प्रांताची अपरिमित प्राणहानी झाली. हेड्रिअन बादशहाने सिरीनीची पुनर्रचना केली. तथापि ३६५ च्या भूकंपाने नगरे पुन्हा उद्ध्वस्त झाली. टॉलेमेइसचा बिशप सिनीझिअस (सु. ३७०–४१३) याच्या पत्रांतून अंतर्भागातील टोळ्यांचे हल्ले, दुबळी लष्करी व्यवस्था आणि लोभी अधिकारी यांचे प्रत्ययकारी चित्र उमटले आहे.

अरब व तुर्की कालखंड : अम्र इब्न अल् आस याच्या नेतृत्वाखाली अरबांनी ६४२–४३ मध्ये बर्का (अल् मर्ज) घेतले. अकराव्या शतकाच्या मध्यास बनू हिलाल व बनू सुलैम या अरब टोळ्या ईजिप्तकडून पश्चिमेस सरकल्या. त्यांतील बनू सुलैम मोठ्या संख्येने येथे स्थायिक झाले. त्यांच्यामुळे येथील शेती बुडाली, असे मत पूर्वी प्रचलित होते. परंतु नगरांचा ऱ्हास त्याआधी कित्येक शतके सुरू झाला होता, हे आता मान्य झाले आहे. बदल झाला तो जीवनपद्धतीत. पावसाळ्यात दक्षिणेकडील कुरणांत जावे, उन्हाळ्यात पठारावरील झऱ्यांकडे परतावे आणि मधल्या काळात बार्ली पेरावी, हा क्रम रूढ झाला. जमीन व विहिरी यांवर टोळीचा सामुदायिक हक्क असे. सादी टोळ्या या जमिनीच्या धनी, तर मराबतीन हे त्यांच्या आश्रयाने राहणारे, अशी समाजरचना विसाव्या शतकापर्यंत टिकली. देर्ना येथे पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधून आलेल्या मुस्लिम निर्वासितांनी बागाईत वाढविली.

सोळाव्या शतकात ऑटोमन तुर्कांचा अंमल आला. पण तो बव्हंशी किनाऱ्यापुरताच होता. अंतर्भागाला संघटित केले ते सनुसी या सूफी पंथाने. अल्जीरियात जन्मलेल्या मुहंमद इब्न अली अल् सनुसी (१७८७–१८५९) याने १८४३ मध्ये अल् बैदा येथे प्रांतातील पहिली झाविया (मठ) स्थापन केली. १८५६ मध्ये त्याने आपले केंद्र ईजिप्तच्या सीमेवरील जघबूब मरूद्यानात, तर त्याच्या मुलाने १८९५ मध्ये ते कूफ्रा येथे हलविले. झाविया ही प्रार्थनास्थळ, पाठशाळा, धर्मशाळा, धान्यकोठार आणि न्यायसभा अशा पाचही भूमिका पार पाडी. दोन टोळ्यांच्या सीमेवर ती उभारली जाई, जेणेकरून पाणी व चराई यांवरील तंटे तेथे मिटावेत. बेंगाझी–कूफ्रा–वादाई या काफिल्यांच्या मार्गावर सुव्यवस्था आली, तीही या मठांमुळे. त्या व्यापारात हस्तिदंत व शहामृगाची पिसे यांबरोबर गुलामांचाही समावेश होता, हे विसरता येत नाही. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड याने १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, टोळ्यांच्या विखुरलेल्या समाजाला या पंथाने राजकीय रूप कसे दिले, याचे विवेचन केले आहे.

इटालियन वसाहतवाद : इटलीने १९११ मध्ये लिबियावर स्वारी केली व पुढील वर्षीच्या तहाने तुर्कस्तानने माघार घेतली. बंदरे इटलीच्या हाती गेली. पठार मात्र सनुसींच्या ताब्यात राहिले. मुसोलिनीच्या राजवटीने १९२३ मध्ये आधीचे करार मोडून युद्ध सुरू केले. प्रतिकाराचे नेतृत्व उमर अल् मुख्तार या वयोवृद्ध सनुसी शिक्षकाने केले. लहान घोडदळ तुकड्या, भूप्रदेशाची जाण आणि टोळ्यांकडून मिळणारी रसद या बळावर त्याने आठ वर्षे लढा चालविला. लढवय्ये व जनता यांना वेगळे केल्यावाचून विजय अशक्य आहे, असे ठरवून जनरल ग्रात्सिआनी याने १९३० मध्ये पठारावरील सु. एक लाख लोकांना गुराढोरांसह हुसकावून सुलूक, अल् मकरून, अल् अघैला इ. ठिकाणच्या काटेरी तारांच्या छळछावण्यांत कोंडले. मठांची मालमत्ता जप्त झाली, ईजिप्तच्या सीमेवर सु. २७० किमी. लांबीचे तारेचे कुंपण घालण्यात आले आणि कूफ्रा जानेवारी १९३१ मध्ये पडले. उपासमार व रोगराई यांमुळे छावण्यांत मेलेल्यांची संख्या निश्चित नसली, तरी ती दहा हजारांच्या पटीत होती. टोळ्यांचे पशुधन जवळजवळ नष्ट झाले. ११ सप्टेंबर १९३१ रोजी उमर अल् मुख्तार पकडला गेला आणि १६ सप्टेंबर रोजी सुलूक येथे हजारो बंदिवानांसमक्ष त्याला फाशी देण्यात आली. अल् अघैला छावणीतील हालांवर रजब बुहुवैश या कवीने रचलेले दीर्घ काव्य लोकांच्या मुखी राहिले. छावण्यांच्या इतिहासाचे ते एक महत्त्वाचे साधन मानले जाते.

रिकाम्या झालेल्या पठारावर इटालियन शेतकरी कुटुंबे वसविण्यात आली. एकसारखी पांढरी घरे, चर्च आणि पक्षकार्यालय असलेली आखीव खेडी उभी राहिली. ती दहा वर्षेही टिकली नाहीत. १९४२ च्या अखेरीपर्यंत वसाहतकार निघून गेले आणि मूळ टोळ्या परतल्या.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रांत दोस्त व अक्ष राष्ट्रांच्या सैन्यांनी आळीपाळीने जिंकला व गमावला. भारतीय सैन्याचा येथे मोठा सहभाग होता. तिसरी भारतीय मोटर ब्रिगेड एप्रिल १९४१ मध्ये मेकिली येथे लढली, तर टोब्रुकच्या वेढ्यात १८ वी कॅव्हलरी पलटण होती. २० जून १९४२ रोजी रोमेलने टोब्रुकवर निर्णायक हल्ला चढविला, तो आग्नेय बाजूवर. त्या बाजूचे संरक्षण अकराव्या भारतीय ब्रिगेडमधील ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनकडे होते. दुसऱ्या दिवशी शहर पडले व या पलटणीचे बहुसंख्य मराठी जवान युद्धकैदी झाले.

स्वातंत्र्योत्तर काळ : ब्रिटिश लष्करी प्रशासनानंतर १९४९ मध्ये सनुसी पंथाचा प्रमुख इद्रिस याने सिरेनेइकाची अमीरात घोषित केली. २४ डिसेंबर १९५१ रोजी लिबिया स्वतंत्र झाला. इद्रिस राजा झाला आणि सिरेनेइका हा त्या संघराज्यातील तीन प्रांतांपैकी एक बनला. लिबियाचे पहिले विद्यापीठ १९५५ मध्ये बेंगाझीत निघाले. १९५९ मध्ये झेल्तेन येथे मोठा तेलसाठा सापडला व १९६१ मध्ये मार्सा अल् ब्रेगा बंदरातून निर्यात सुरू झाली. त्याच वर्षी सरीर क्षेत्राचाही शोध लागला. तेथील तेल नळाने टोब्रुकपर्यंत आणण्यात आले. तेलाचे उत्पन्न एकाच तिजोरीत जमा व्हावे, हा विचार १९६३ मध्ये संघराज्य पद्धती रद्द होण्यामागील एक प्रमुख कारण होता. त्याच वर्षी भूकंपाने अल् मर्ज उद्ध्वस्त झाले व नवे शहर काही अंतरावर वसविण्यात आले.

१ सप्टेंबर १९६९ रोजी मुअम्मर गडाफी याने सत्ता काबीज केली. सनुसी राजवटीचा आधार असलेल्या या प्रांताकडे त्याने संशयाने पाहिले. १९८४ मध्ये सुरू झालेल्या महाकाय मानवनिर्मित नदी प्रकल्पाने सरीर व ताझेर्बो येथील प्राचीन भूजल १९९१ मध्ये बेंगाझीस पोहोचले. शहरांची तहान भागली. मात्र हे पाणी हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचे असून त्याचे पुनर्भरण होत नाही. पठारावरील पावसाचे पाणी व दऱ्यांतील बंधारे यांची निगा दुर्लक्षितच राहिली.

फेब्रुवारी २०११ मध्ये गडाफीविरुद्धचा उठाव बेंगाझीतूनच सुरू झाला. त्याच्या पतनानंतर २०१४ पासून देशात दोन प्रतिस्पर्धी सत्ताकेंद्रे निर्माण झाली व प्रतिनिधिगृह टोब्रुकला हलले. तेलबंदरे अडविणे हे राजकीय दबावाचे साधन बनले. २०२० मध्ये जानेवारी ते सप्टेंबर या काळात तेलनिर्यात जवळजवळ बंद होती.

या दुहीची जबर किंमत देर्नाने मोजली. १९७० च्या दशकात वादी देर्नावर पूरनियंत्रणासाठी मातीची दोन धरणे बांधण्यात आली होती. त्यांच्या दुरुस्तीची आवश्यकता अनेकदा नोंदली गेली; २०२२ मध्ये अल् बैदा येथील उमर अल् मुख्तार विद्यापीठातील एका अभ्यासाने मोठा पूर आल्यास शहराला असणारा धोका स्पष्ट केला होता. १०–११ सप्टेंबर २०२३ रोजी ‘डॅनिएल’ वादळाने अल् बैदा येथे चोवीस तासांत ४१४ मिमी. पाऊस झाला. रात्री दोन्ही धरणे फुटली आणि देर्नाचा मध्यभाग माणसांसह समुद्रात वाहून गेला. हजारो लोक मृत्युमुखी पडले. पुराच्या काही दिवस आधी पावसावर कविता लिहिणारा देर्नाचा कवी मुस्तफा अल् त्राबुलसी हाही त्यांत होता. जुलै २०२४ मध्ये देर्ना येथील न्यायालयाने हलगर्जीपणाबद्दल बारा आजी-माजी अधिकाऱ्यांना कारावासाच्या शिक्षा दिल्या.

सांस्कृतिक वारसा : सिरीनीचे अवशेष हे भूमध्य सागरी प्रदेशातील ग्रीक अवशेषांत अग्रगण्य मानले जातात. झ्यूसचे भव्य मंदिर, अपोलोचे पवित्र क्षेत्र व झरा, नाट्यगृह आणि डोंगरउतारावरील विस्तीर्ण दफनभूमी यांचा त्यांत समावेश होतो. युनेस्कोने १९८२ मध्ये या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला आणि २०१६ मध्ये त्याची धोक्यातील वारसास्थळांत नोंद केली. इटालियन सैनिकांना १९१३ मध्ये सापडलेला व रोमला नेलेला व्हीनसचा संगमरवरी पुतळा २००८ मध्ये लिबियास परत मिळाला. त्याच वर्षी ३० ऑगस्ट रोजी बेंगाझी येथे उभय देशांत झालेल्या करारात इटलीने वसाहतकालीन अन्यायाबद्दल भरपाई देण्याचे मान्य केले.

२०२३ च्या पुरात सिरीनीच्या काही प्राचीन भिंती ढासळल्या. ज्या झऱ्याने बॅटसच्या अनुयायांना येथे थांबविले, त्याच्या वरच्या पठारावरूनच हे पाणी आले होते. पाणी उपकारक ठरावे की संहारक, हे या प्रांतात पावसाच्या प्रमाणाइतकेच वरची दरी व खालचे शहर यांची जबाबदारी एकत्रितपणे वाहणाऱ्या व्यवस्थेवर अवलंबून आहे.